राखणदारांच्या बरण्या

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीत मला ‘सेंटवाल्या काकू’ म्हणतात. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या केमिकल कारखान्यात मी आयुष्यभर वास तयार केले, एवढंच लोकांच्या कानावर गेलंय. लग्नसराई आली की कोणीतरी रिकामी बाटली घेऊन दारात उभं राहतं, ‘काकू, थोडं मोगऱ्याचं मिळेल का?’ त्यांना सांगावं लागतं की बाई गं, मी केलेला वास माणसाला आवडला तर माझंच काहीतरी चुकलं म्हणायचं. माझे वास भुंगेऱ्यांसाठी होते. या अंकाच्या संपादकबाईंनी ‘कामाविषयी लिहा, पण आम्हाला कळेल असं लिहा’ अशी तंबी दिली आहे, म्हणून आधी धंदा समजावून सांगते.

लाकूड पोखरणारे बारके भुंगेरे असतात. तांदळाच्या दाण्याएवढे, तपकिरी. गावाकडे त्यांना आणि त्यांच्या अळ्यांना सरसकट भिरूड म्हणतात. एखाद्याला दमलेलं, सुकत चाललेलं झाड सापडलं की तो एक वास सोडतो. त्या वासाचा अर्थ एवढाच, की या, इथे जागा आहे. मग त्याचे भाऊबंद थव्याने येतात, आत अंडी घालतात आणि झाडाचं आतल्या आत पीठ होतं. आम्ही तोच वास फ्लास्कमध्ये बनवायचो, त्यात ओल्या लाकडाचा वास मिसळायचो आणि प्लास्टिकच्या पुडीत बंद करायचो. पुडीतून तो आठवडेच्या आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतो. ही पुडी सापळ्याला टांगायची. सापळा म्हणजे एकाखाली एक ओवलेले काळे फनेल आणि तळाला डबा. भुंगेरा झाड समजून येतो, आपटतो आणि घसरत डब्यात जातो.

पुडी बोलावते, हाकलत नाही, हे ज्याच्या डोक्यात शिरलं नाही त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. उल्हासनगर कॅम्प चारच्या एका फर्निचरवाल्याने आमच्याकडून सहा पुड्या नेल्या आणि सापळ्याशिवाय दुकानातच टांगल्या, कपाटांमध्ये डांबरगोळ्या ठेवाव्यात तशा. आठवड्याने तो कारखान्यात येऊन थडकला. ‘मॅडम, आधी पाच-दहा किडे होते, आता सगळ्या गावाचे किडे माझ्याकडे बसायला येतात.’ मी हसले, आणि त्याला ते आवडलं नाही. तेव्हा मला वाटायचं, असली चूक अडाणी माणूसच करतो.

वास अंगालाही चिकटतो. भाचीच्या साखरपुड्याला मी आंघोळ करून, रेशमी साडी नेसून गेले होते, तरी जेवताना पदरावर एक भुंगेरा चालत निघाला. पंक्तीतल्या बायका किंचाळल्या आणि मी मात्र त्याची जात ओळखायला चष्मा शोधत होते.

आता मूळ गोष्टीकडे येते. ही गोष्ट मी आजवर तिच्यातल्या माणसांशिवाय कोणाला सांगितलेली नाही, कारण तीत मी शहाणी दिसत नाही.

खरवईच्या पलीकडे, नव्या इमारती संपतात तिथून पुढे, एक लहानसं गाव आहे आणि गावाला देवराई आहे. एकराभराचीच. ऐन, आंबा, बेहडा, जांभूळ, आणि मध्ये शेंदूर लावलेला दगडाचा देव. राखण धोंडूबाबांकडे. सत्तरी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. त्या राईचा एकच नियम, की आतलं काही बाहेर न्यायचं नाही. पडलेली काटकीसुद्धा नाही. जे आत वाढलं ते आतच कुजलं पाहिजे. एका बांधकामवाल्याने शेजारच्या जमिनीवरची झाडं तोडून ओंडके राईच्या कुंपणाला लावून रचले, आणि ते महिनोन्महिने तिथेच पडून राहिले. ओंडक्यांत भुंगेरे वाढले. त्यात त्या वर्षी फेब्रुवारीपासूनच ऊन मी म्हणत होतं, विहिरी आटल्या, राईतली झाडं दमली. ओंडक्यांतून निघालेला भुंगेरा राईत शिरला.

बाहेर कुठे असतं तर इलाज सोपा होता. लागण झालेली झाडं तोडायची आणि जाळून टाकायची. इथे ते शक्य नव्हतं. मग धोंडूबाबांची सून वनिता कोणाकडून तरी चौकशी करत आमच्या कारखान्यात आली. तिशीतली, सडसडीत, अंबरनाथलाच एका कंपनीत पॅकिंगला जाणारी बाई. आमचे मालक किशनशेठ, कॅम्प चारचे, सिंधी, कारखान्यात स्वतः झाडू मारणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला बाजूला बोलावलं. एक मोठी वृक्षलागवड कंपनी आमच्या नव्या पुडीची चाचणी मागत होती. चाचणी यशस्वी झाली की कारखान्याला पुढची कित्येक वर्षं काम. ‘मॅडम, जंगल समोरून चालत आलंय. सापळे फुकट लावून द्या. त्यांचं झाड वाचेल, आपलं काम होईल. दोघांचं भलं, ना साईं?’

मी आठ सापळे लावले. धोंडूबाबा बाजूला उभे राहून बघत होते. ‘बाय,’ ते म्हणाले, ‘तेवढं मधलं ऐनाचं झाड जपा. माझ्या आज्याच्याबी आधीचं हाय ते. देवावर सावली त्याचीच.’ मी म्हटलं, ‘बाबा, निश्चिंत राहा.’ हे शब्द मला आजही आठवतात, कारण ते बोलताना मी त्यांच्याकडे नाही, सापळ्याकडे बघत होते.

दर आठवड्याला वनिता डबे रिकामे करून बरण्या भरायची आणि कामावर जाताना आमच्या गेटवर देऊन जायची. पहिल्याच आठवड्यात बरण्या भरगच्च. किशनशेठनी पेढे वाटले.

आता ते मोजायचं कसं? नियमाने एकेक किडा चिमट्याने उचलून, भिंगाखाली बघून, जातवार मोजायचा. हजारो किड्यांना दोन-दोन दिवस लागतात. मी एक युक्ती काढली होती. घरच्या मसाल्याच्या डब्यातला एक चमचा मी प्रयोगशाळेत आणून ठेवला होता. एकदा चमचाभर भुंगेरे नीट मोजले, की पुढे फक्त चमचे मोजायचे. या युक्तीचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. नव्या मुलींना मी ती हौसेने शिकवायची. चमच्याने मोजलं, अहवाल लिहिला, खाली सही ठोकली. दोन आठवडे दोन अहवाल गेले आणि कंपनीवाले खूश झाले.

दुसऱ्या आठवड्यात वनिता गेटवर म्हणाली, ‘मॅडम, यात लाल पट्टेवाले काही निराळेच दिसतात मला.’

मी घाईत होते. म्हटलं, ‘नर-मादी असतील गं. रंग वेगळे असतात.’

 मी वर तिलाच झापलं, ‘आणि बरणी जरा सांभाळून आणत जा. निम्मे किडे तुटलेले असतात. पंख वेगळे, डोकी वेगळी. हिंदकळवतेस वाटतं.’ ती म्हणाली, ‘मी मांडीवर घेऊन येते मॅडम,’ आणि गेली. मी विचारसुद्धा केला नाही, की मांडीवरच्या बरणीत किड्याचं डोकं कसं तुटेल.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. ‘मॅडम, सापळे भरतायत, पण आता सात झाडांच्या बुडाला भुसा पडलाय. त्यात ऐन पण आहे.’

सापळे भरतायत आणि झाडं जातायत. दोन्ही एकदम खरं कसं असेल? रविवारी सकाळी मी घरच्या जेवणाच्या टेबलावर मोठं ताट घेतलं आणि मोजायची राहिलेली, घरी आणलेली या आठवड्याची बरणी त्यात उपडी केली. आमचे हे पेपर घेऊन बसले होते. ताट बघून कप उचलून गॅलरीत गेले. मी चिमटा घेतला आणि दोन ढीग करायला लागले. तपकिरी इकडे, लाल पट्टेवाले तिकडे.

दहा मिनिटांनी मी चिमटा खाली ठेवला. पट्टेवाल्यांचा ढीग मोठा होत होता.

ते नर-मादी नव्हते. तो वेगळाच भुंगेरा होता, शिकारी. पोखरणाऱ्याला खाणारा. पोखरणारे आपल्या भाऊबंदांना हाक मारतात ती यालाही ऐकू येते, आणि आयतं जेवण कुठे जमलंय ते त्याला कळतं. तो झाडावर येऊन दबा धरतो आणि येणाऱ्याला पकडून खातो. त्याची पिल्लं सालीखाली जाऊन अळ्या खातात. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, नव्या मुलींना तोंडपाठ सांगत होते. बरणीतली तुटलेली डोकी वनितामुळे नव्हती, डब्यातही शिकारी आपलं काम करत होते. माझी पुडी त्या राईतले पहारेकरी वेचून वेचून बोलावत होती आणि मी त्यांना चमच्याने मोजून यश म्हणून कळवत होते. फर्निचरवाल्याला मी हसले होते ना, त्याने निदान दुसऱ्याची राई नव्हती उजाड केली.

मी किशनशेठना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मॅडम, मंगळवारी कंपनीचे साहेब राई बघायला येतायत. भरलेले सापळे बघायला.’

‘सापळे आज उतरवायला हवेत.’

‘बुधवारी उतरवा. दो दिन में क्या होगा?’

‘शेठ, त्या दोन अहवालांवर माझी सही आहे.’

‘म्हणूनच सांगतो. आता चूक म्हणाल तर तुमची इज्जत जाईल, और मेरा ऑर्डर भी. तीस घरं चालतात या कारखान्यावर. मंगळवार होऊ द्या.’

त्यांनी फोन ठेवला. ते वाईट नव्हते आणि खोटंही बोलत नव्हते. तीस घरांत माझंही एक होतं. तरी मी रिक्षा केली आणि खरवईच्या पुढे निघाले.

राईत आधी ऐनाची साल सुरीने जराशी उचलली. आत पांढऱ्या कोशांना तपकिरी डोळे फुटलेले दिसत होते. म्हणजे चार-पाच दिवसांत नवी पिढी बाहेर. त्यांना खाणारे तर मी बरण्यांत भरून नेले होते. एकदा हे बाहेर पडले की राईतलं कुठलंच झाड सुटलं नसतं.

धोंडूबाबा देवासमोर झाडत होते, वनिता माझ्यामागून आली होती. मी बसले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चमचासुद्धा सांगितला.  धोंडूबाबांनी केरसुणी खाली ठेवली.

‘म्हंजे ते पट्टेवाले राईचे राखनदार,’ ते म्हणाले.

‘हो बाबा.’

‘हितली काटकी कोनी भाईर न्हेत नाय. पोरं जांभळं खातात ती बी आतच खाऊन जातात, बी हितंच थुंकतात. आन तू बरन्या भरून राखनदार न्हेलेस. मीच न्हेऊ दिलं. भिरूड हाय म्हनलीस, म्हनून न्हेऊ दिलं.’

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझी मान वर होईना. त्यांचा नियम मी मनातल्या मनात भाबडा ठरवला होता. तो नुसता पाळला असता तर मला भिंगाचीही गरज पडली नसती.

‘बाबा, सात झाडं तोडून जाळली तर बाकीची वाचतील,’ मी म्हटलं. ‘ऐन त्यात आहे.’

‘ते माझ्या हातात नाय. कौल लावू.’

त्यांनी तांदळाचे दोन दाणे ओले करून देवाच्या दगडाला दोन्ही बाजूंना चिकटवले. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. मी रसायनशास्त्राची पदवीधर. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी तिथे उकिडवी बसून त्या उजव्या दाण्याकडे अशी बघत होते की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वारा पडला होता. वनिताने माझा दंड धरला होता की मी तिचा, ते आठवत नाही.

डावा दाणा पडला.

‘पुन्हा लावा,’ मी म्हटलं.

‘देवाला दोनदा इचारत नसतात, बाय.’ आणि ते आत जाऊन ऐनाला टेकून बसले. त्या माणसाचा चेहरा मला बघवेना.

तोडायचं नाही, न्यायचं नाही. मग जे आहे ते इथेच आवरायला हवं होतं. मी सापळे उतरवले, पुड्या काढून तीन पिशव्यांत घट्ट बांधल्या. सापळ्यांचे डबे कोरडे असतात, त्यामुळे ताजे पडलेले किडे जिवंत होते. ते वळवळताना बघून वनिता म्हणाली, ‘मॅडम, पट्टेवाले परत झाडावर सोडले तर?’

सोडायचे, पण उडून जायला नकोत. आणि झाडातून निघणारे तपकिरी भुंगेरेही शेजारच्या झाडावर जायला नकोत. म्हणजे खोडाला जाळी गुंडाळायची. प्लास्टिकची चालणार नाही, हा किडा ती कुरतडतो. खिडकीला लावतात ती लोखंडी बारीक जाळी हवी, आणि सात खोडांना पुरेल एवढी. रविवारी दुपारी ती कुठून आणणार? मला एकच माणूस माहीत होता.

किशनशेठनी फोन उचलला. मी म्हटलं, ‘सापळे मी उतरवलेत. आता भांडायचं तर नंतर भांडू. मला कॅम्प चारमधून खिडकीच्या जाळीचे रोल हवेत, आत्ता.’

 त्यांनी एवढंच विचारलं, ‘कितने?’

दीड तासात टेम्पो आला आणि शेठ स्वतः पुढच्या सीटवर. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. राईच्या हद्दीवर चपला काढल्या, पहिला रोल खांद्यावर घेतला आणि आत आले. गावातली माणसं जमली, शिड्या आल्या. बायका परातींभोवती बसल्या आणि आठ डब्यांतले जिवंत किडे बोटांनी निवडू लागल्या. तपकिरी साबणाच्या पाण्यात, पट्टेवाले वाटीत. पट्टेवाला कडकडून चावतो, तरी कोणी हात मागे घेतला नाही. प्रत्येक खोडावर वाट्या उपड्या करायच्या आणि वरून जाळी तारेने आवळायची. वनिताची नजर अशी तयार होती की तिच्या वाटीत एकही चुकीचा किडा निघाला नाही. त्या वाटीसमोर मला माझ्या चमच्याची लाज वाटली. ऐनाचं खोड एवढं रुंद, की त्याला दोन रोल एकाला एक शिवून लावावे लागले. उजेड होता तोवर सातही झाडं बांधून झाली.

मंगळवारी साहेब आले. त्यांना भरलेले सापळे बघायचे होते आणि दिसली जाळी नेसलेली सात झाडं. मी पुढे झाले, पण शेठनी हात करून मला थांबवलं. वाटलं, आता हे सारवासारव करणार.

ते म्हणाले, ‘साहेब, आमच्या मॅडमनी दोन रिपोर्ट पाठवले ते चुकीचे आहेत. त्या स्वतः सांगतील. ऐकून घ्या, मग ठरवा.’

मी सांगितलं. साहेब सभ्य होते. चहा घेतला, आभार मानले आणि परत कधी आले नाहीत. पुढची दोन वर्षं कारखान्याची फार ओढाताण झाली. पगार उशिरा व्हायचे आणि शेठनी एकदाही मला त्यावरून टोमणा मारला नाही. मारला असता तर ऐकून घेतला असता. त्या दोन वर्षांत मी मिश्रणातली प्रमाणं बदलत बसले. पोखरणारे येतील पण पट्टेवाले फारसे फिरकणार नाहीत असं एक प्रमाण अखेर सापडलं, आणि पुढे कारखाना त्याच पुडीवर उभा राहिला. त्या पुडीचा मला अभिमान आहे. मात्र ती सात झाडं आधी बांधावी लागली, हेही मी विसरत नाही.

जाळीच्या आत चौथ्या दिवशी भुंगेरे निघायला लागले. वनिता रोज फोन करायची. ‘आज आत पंखच पंख पडलेत मॅडम. पट्टेवाले जाड झालेत.’ सातपैकी चार झाडं जगली. बाहेरच्या एकाही झाडाला नवीन भुसा पडला नाही.

ऐन वाचला नाही. उन्हात आधीच फार आत पोखरला गेला होता. पावसाळ्यात बाकीच्यांना पालवी आली, त्याला आली नाही.

मी प्रयोगशाळेच्या कपाटातल्या सगळ्या बरण्या काढल्या. नमुने म्हणून, लेबलं लावून जपलेल्या. तीन आठवड्यांचे, वाळलेले पट्टेवाले. त्या घेऊन राईत गेले. धोंडूबाबांनी झाकणं उघडली आणि एकेक बरणी ऐनाच्या मुळाशी रिकामी केली. मी म्हटलं, ‘बाबा, मी तुम्हाला निश्चिंत राहा म्हटलं होतं.’ ते म्हणाले, ‘म्हनली होतीस.’ बस, एवढंच. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही.

धोंडूबाबा जाऊन आता काही वर्षं झाली. राखण वनिताकडे आहे. मी निवृत्त झाल्यावरही वर्षातून एकदा जाते. ऐन तसाच उभा आहे, वाळलेला, कोणी हात न लावलेला, त्याच्या ढोलीत पोपट राहतात. देवावर आता शेजारच्या जांभळाची सावली पडते.

राईतून निघताना वनिता प्रत्येक माणसाला हद्दीवर थांबवते आणि कपडे झटकायला लावते. हा नियम माझ्या त्या बरण्यांनंतरचा आहे. यंदा गेले तेव्हा मी म्हटलं, ‘अगं, आता माझ्या अंगाला कसला वास? कारखाना सुटला माझा.’ ती म्हणाली, ‘तरी झटका.’

मी पदर झटकला. एक पट्टेवाला खाली पडला, उलटा होऊन पाय हलवायला लागला. वनिताने त्याला बोटावर घेतलं, परत आत जाऊन एका झाडावर सोडलं, आणि मग म्हणाली, ‘आता जा, मॅडम.’